पोटरीत कळ, कमरेत कारण

माझं दुखणं कमरेत नव्हतं, डाव्या पोटरीत होतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी पोटरीला आतून ओढ बसायला लागली. कराडजवळच्या एका गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, जाता-येता स्कूटरवर खड्ड्यांचा रस्ता. पोटऱ्या भरून येणं आम्हा शिक्षकांना नवं नाही. सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून दिलं, मी पाय चोळला आणि झोपले. मध्यरात्री ठणक्यानेच जाग आली. कुशीवर वळावं तरी कळ, उताणं व्हावं तरी कळ. डाव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागच्या अंगाने, पोटरीतून, बाहेरच्या घोट्यामागून थेट करंगळीपर्यंत ती जात होती. बोटाने रेघ ओढून दाखवता यावी इतकी तिची वाट ठरलेली होती. कंबर मात्र जेमतेम कुरकुरत होती. हा सायटिका आहे हे तेव्हा मी ओळखलं नव्हतं.

सकाळी फोडणीच्या वासाने शिंक आली आणि ओट्याला धरून उभी राहिले म्हणून पडले नाही. शिंकेसरशी कळ करंगळीपर्यंत उतरली. पोटरीचा स्नायू आखडला असेल तर शिंकेने तो का दुखावा? विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या मनात हा प्रश्न आला आणि तिथूनच पायापेक्षा वर कुठेतरी काहीतरी आहे अशी शंका सुरू झाली.

त्याच आठवड्यात फळ्याने दुसरी गोष्ट दाखवली. आमच्या शाळेत फळ्याच्या वरच्या कडेला वार, दिनांक आणि सुविचार लिहायचा असतो. माझी उंची बेताची, त्यामुळे मी रोज चवड्यांवर उभी राहून लिहिते. त्या दिवशी उजवी टाच उचलली गेली, डावी जमिनीलाच. जोर लावला तरी अर्धवट उठली आणि लगेच खाली आली. दुखत होतं म्हणून नव्हे, ताकदच नव्हती. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, मी लिहू का?" खडू तिच्या हातात दिला आणि शाळा सुटल्यावर घरी न जाता आमच्या डॉक्टरांकडे गेले.

हे डॉक्टर साधे, गावात दवाखाना असलेले. त्यांच्या तपासणीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पुढे महागडी यंत्रं पाहिली तरी निदानाचा मोठा भाग त्यांच्या हातांनी त्या संध्याकाळीच केला होता. त्यांनी आधी कळीची वाट माझ्याच बोटाने काढायला लावली. मग टेबलावर उताणं झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलला. अर्ध्यावरही गेला नसेल, कळ पोटरीत उतरली. पाय असा सरळ वर उचलला की कमरेतून पायात उतरणारी सायटिक नस ताणली जाते आणि कमरेतलं तिचं मूळ ओढलं जातं. तिथे सूज असेल तर साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याच्या खाली जाते. मग त्यांनी न दुखणारा उजवा पाय उचलला आणि कळ डाव्या पायात आली. त्यावर त्यांनी मान हलवली. दुसऱ्या पायाने कळ उठणं ही फार कमी रुग्णांत दिसणारी खूण आहे, पण दिसली तर दोन मणक्यांमधली गादी सरकल्याचा संशय बळावतो, असं ते म्हणाले.

नंतर टाचांवर चालायला सांगितलं, जमलं. चवड्यांवर चालायला सांगितलं, डावा पाय खचला. पायाचा अंगठा त्यांच्या बोटाच्या विरोधात वर उचलून धरायला लावला, त्यात दोन्ही पाय सारखेच. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने टिचकी मारली तेव्हा उजवं पाऊल उडालं, डावं स्तब्ध. कापसाचा बोळा पावलावर फिरवला तेव्हा करंगळीच्या बाजूची कड मला अर्धीच जाणवली. "अंगठा उचलायला त्रास असता तर पाचव्या लंबर, म्हणजे कमरेच्या, मुळावर संशय घेतला असता," ते म्हणाले. "तुमची टाच उचलत नाही, टाचेचा झटका गेलाय, करंगळीकडची कड बधिर आहे. म्हणजे त्याच्या खालचं मूळ, एस वन. मॅडम, दुखतंय पायात, पण दुखणं पायाचं नाही."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकलेली, पुढे पदवीही त्यातच घेतलेली. चेतासंस्था दरवर्षी शिकवते. तरी ही नस मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली. कमरेचा चौथा आणि पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी हे हाड, या भागातून निघणारी मुळं एकत्र येऊन ती बनते. शरीरातली ही सर्वांत जाड आणि सर्वांत लांब नस. ती कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर पडते, मांडीच्या मागून उतरते आणि गुडघ्याच्या जरा वर दोन फांद्यांत विभागते. मुळाशी त्रास झाला तरी मेंदू त्या मुळाचा प्रदेश ओळखतो आणि तिथे दुखतंय असं समजतो. माझ्या पोटरीला काहीही झालेलं नव्हतं.

दुखणं नसेचं आहे हे १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने लिहून ठेवलं. कमरेतली गादी फुटून मुळावर येते आणि त्यातून हे होतं, हे मात्र नीट कळायला १९३४ साल उजाडलं. अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोघा शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांवरून ते दाखवून दिलं. आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, गृध्रसीचं, म्हणजे सायटिकासारख्या दुखण्याचं, जे वर्णन आहे ते वाचून मी थक्क झाले. आधी नितंब, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशा क्रमाने उतरणारी वेदना, जखडलेपण, टोचणी. रुग्णाचं ऐकून घेतल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी आणखी काही प्रश्न विचारले आणि ते विचारताना सूर बदलला. लघवी अडकते का? झाल्याचं कळतं का? शौचावरचा ताबा गेलाय का? दोन्ही मांड्यांच्या मधे, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा आहे का? दोन्ही पायांतली शक्ती जातेय का? ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर किंवा क्षय? मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही आढळतो, आणि त्याची सुरुवात साध्या कंबरदुखीसारखीच असू शकते. माझी सगळी उत्तरं नाही अशी होती. मधुमेहानेही पायांच्या नसा बिघडतात म्हणून त्यांनी साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली. मग त्यांनी मला आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं, की यातलं लघवी-शौचाचं किंवा मांड्यांच्या मधल्या बधिरपणाचं एक जरी लक्षण दिसलं तर मला फोन करत बसू नका, रात्री दोन वाजले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. पाठीच्या कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा असतो, तो पूर्ण दाबला गेला तर तासांचा हिशेब असतो. बायकांना हे प्रश्न परक्या पुरुषापुढे अवघड वाटतात, मलाही वाटले. पण माझ्या मते सायटिकाच्या प्रत्येक रुग्णाला हे प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारलेच पाहिजेत, आणि न विचारले तर रुग्णाने ही लक्षणं स्वतःहून सांगितली पाहिजेत.

घरी बातमी पोचली आणि गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं मणक्यात गॅप पडलाय, कुणी म्हणालं शीर चढलीय, लाकडी फळीवर झोपा. शेजारच्या काकूंनी त्यांच्या माहेरच्या एका पायाळू माणसाचं नाव काढलं. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते ही आपल्याकडची जुनी समजूत. काकू मनापासून म्हणत होत्या, माझ्यासाठी त्याला गाडीने आणायची त्यांची तयारी होती. मी त्यांना हात धरून सांगितलं की साधी उसण आपोआप दोन-चार दिवसांत उतरते, पण ज्या पाठीत गादी फुटून नसेवर आली आहे आणि पायाची ताकद कमी झाली आहे, तिथे कुणी पाय देऊन दाबलं तर होणारं नुकसान भरून येणार नाही. नस बसवून देणाऱ्या हाडवैद्याकडे न जाण्याचं कारणही हेच. सासूबाईंचा निर्गुंडीच्या पाल्याचा शेक मात्र मी आनंदाने घेतला. कमरेचे आखडलेले स्नायू त्याने सैल व्हायचे आणि तासभर बरी झोप लागायची. नसेच्या मुळापर्यंत शेक पोचत नाही हे मला माहीत होतं. पण त्या दिवसांत तासभर झोप ही मोठी गोष्ट होती.

अंथरुणाला खिळून राहायचं की नाही यावर घरात खरा वाद झाला. आई गावाहून फोनवर रडली, "उठू नकोस, पडून राहा." पूर्वी डॉक्टरसुद्धा हेच सांगत. नेदरलँड्समध्ये १९९९ साली १८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दोन आठवडे पडून राहायला लावलं, अर्ध्यांना सोसेल तसं वावरू दिलं. दोन्ही गटांत बरं होण्यात फरक दिसला नाही. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिले दोन दिवस असह्य असेल तर पडा, पण दर तासाला उठून घरात फेरी मारा. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने कमजोर होतात आणि मन अधिक झपाट्याने. मन खचण्याचा भाग मला फार खरा वाटला. छताकडे बघत पडलं की डोक्यात एकच विचार फिरत राहतो, आपण पुन्हा उभ्या राहू का.

औषधांबद्दल थोडक्यात. सूज उतरवणारी वेदनाशामकं थोडे दिवस, जेवणानंतर आणि पोटाच्या गोळीसह मिळाली. त्यांनी ठणका थोडा बोथट झाला. मधे एका दुसऱ्या डॉक्टरांनी नसेच्या दुखण्यासाठी म्हणून प्रीगॅबालिन दिलं. त्याने मला वर्गात उभ्या-उभ्या गुंगी यायची, कळ मात्र तशीच. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सायटिकाच्या रुग्णांवर हे औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं, उलट चक्कर जास्त येत होती. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही सायटिकासाठी ते देऊ नका म्हणतात. हे औषध एकदम सोडायचं नसतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद केलं.

एमआरआय सुरुवातीला काढला नाही. डॉक्टरांचं म्हणणं, फिल्ममुळे पहिल्या काही आठवड्यांच्या उपचारात काही बदल होणार नाही, फक्त खर्च आणि भीती वाढेल. पण टाचेची ताकद दर आठवड्याला ते पाहत होते, आणि महिना उलटूनही ती परतेना तेव्हा त्यांनीच पाठवलं. त्या अरुंद नळीत मी डोळे मिटून आवर्तसारणीतली मूलद्रव्यं म्हणत पडले होते.

रिपोर्ट इंग्रजीतला, एका पानाचा, आणि त्यातला प्रत्येक शब्द घाबरवणारा. पाचवा लंबर मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली गादी डावीकडे फुटून बाहेर आलेली, डावं एस वन मूळ दाबलेलं. त्याच्या वरची गादी फुगलेली. दोन गाद्या सुकलेल्या. फिल्म पाहून एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, "आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर पाय कायमचा जाईल." माझा पाय हातात घेऊन कुणी पाहिला नाही, टाच उचलायला सांगितली नाही. ह्यांचा चेहरा पडला. परतताना आम्ही दोघं रस्त्यात एकमेकांशी बोललो नाही.

आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या एका मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी आधी तपासलं, मग फिल्म लाइटवर लावली. रिपोर्टमधल्या निम्म्या ओळींवर त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. फुगलेली गादी, सुकलेली गादी हे त्यांच्या मते माझ्या वयात केस पांढरे व्हावेत तितकं नेहमीचं. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका गादीत फुगवटा सापडला. पण गादी माझ्यासारखी फुटून बाहेर आलेली अशी माणसं त्यांत एक टक्काच होती. म्हणजे माझ्या रिपोर्टमधली एक ओळ खरी महत्त्वाची, कारण तीच माझ्या टाचेशी, माझ्या करंगळीशी जुळत होती. फिल्म आणि तपासणी जुळली तरच फिल्मला अर्थ, हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

मग त्यांनी मला दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन केलं, छोट्या छेदातून गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला, तर पायातली कळ बहुधा लवकर जाईल. थांबलो तर बहुतेकांची कळ हळूहळू जाते. नेदरलँड्समध्येच २००७ साली याची तुलना झाली होती. आठवड्यांमागून आठवडे तीव्र सायटिकाने बेजार असलेले २८३ रुग्ण, काहींचं लवकर ऑपरेशन, काहींना थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर सुटले, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही त्यांनी लपवलं नाही. "तुमची ताकद घटत नाहीये, आहे तिथेच थांबली आहे. लघवी ठीक आहे. म्हणून निवड तुमची. ताकद आणखी कमी झाली तर निवड माझी," ते म्हणाले. मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याचा पर्यायही त्यांनी मांडला. त्याने काही आठवडे आराम मिळू शकतो, दूरचा फरक फारसा पडत नाही. मी ते घेतलं नाही.

मी थांबायचं ठरवलं ते त्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीमुळे. गादीच्या आतला मऊ गर एरवी रक्ताच्या संपर्कात येत नाही. बाहेरचं तंतूंचं कडं फाटून तो बाहेर आला की शरीर त्याला परकं समजतं. तिथे सूज येते, नव्या रक्तवाहिन्या येतात, भक्षकपेशी येतात आणि तो तुकडा खायला लागतात. नुसता दाब पडलेली निरोगी नस मुख्यतः बधिर होते, दुखते ती सुजलेली नस. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात अमेरिकन सर्जननी रुग्ण जागे असताना, फक्त जागा बधिर करून ऑपरेशनं केली आणि आत एकेका भागाला स्पर्श करून विचारलं. पायातली ओळखीची कळ उठली ती सुजलेल्या, दाबलेल्या मुळाला हात लागल्यावर. म्हणजे मला रात्रभर जागं ठेवणारी सूजच त्या तुकड्याचा फडशा पाडायला आलेल्या पेशींची होती. आणि गादी जितकी जास्त बाहेर आलेली, तितकी ती आक्रसण्याची शक्यता जास्त असते. नुसत्या फुगवट्यापेक्षा तुटून बाहेर पडलेला तुकडा जास्त वेळा विरघळतो. रिपोर्टमधला सर्वांत भीतीदायक शब्द माझ्या बाजूचा आहे हे कळलं त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले. नंतर नववीच्या वर्गाला हे शिकवताना मी करंजीचं उदाहरण दिलं. कड उसवली की सारण त्या जागेतून बाहेर येतं, आणि बाहेर आलेलं सारण परत आत भरता येत नाही, ते साफच करावं लागतं. पोरांना ते पक्कं कळलं.

आता फिजिओथेरपी, कारण रोजचं काम तिथे झालं. फिजिओथेरपिस्ट ताई माझ्या विद्यार्थिनींपेक्षा फार मोठ्या नसतील. पहिल्या दिवशी त्यांनी मला पालथं झोपवलं, एवढंच. उशीही नाही. काही मिनिटांनी कोपरांवर टेकून छाती वर, मग थोड्या दिवसांनी तळहातांवर, कंबर सैल सोडून. भुजंगासनाच्या जवळ जाणारी ती हालचाल, पण जोर सगळा हातांत. प्रत्येक वेळी त्या एकच प्रश्न विचारायच्या, "मॅडम, कळ आत्ता कुठपर्यंत आहे?" किती दुखतंय हे त्यांना दुय्यम होतं. करंगळीतली कळ पोटरीपर्यंत आली, पोटरीतली मांडीपर्यंत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, आपण बरोबर चाललो आहोत. कळ खाली सरकली तर थांबायचं. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी ही वर सरकणारी कळ बरं होण्याची खूण म्हणून ओळखली आणि तिच्यावर अख्खी पद्धत उभी केली. मला हातात एक मोजमाप मिळालं. रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःला तोच प्रश्न विचारायचे. ज्या सकाळी पहिल्यांदा उत्तर 'गुडघ्याच्या वर' असं आलं, त्या दिवशी कंबर चांगलीच दुखत होती आणि मी ह्यांना उठवून सांगितलं, की आज बरं वाटतंय.

पुढे वाकण्याचे व्यायाम काही काळ पूर्ण बंद राहिले. गावातल्या योगवर्गाच्या बाई प्रेमाने पश्चिमोत्तानासन करून घ्यायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं. फुटलेली गादी मागच्या बाजूला असताना पुढे वाकलं की तिच्यावर दाब वाढतो. सूज उतरल्यावर खुर्चीत बसून गुडघा सरळ करत नस हळुवार सरकवण्याचा व्यायाम आला, तोही कळ उठायच्या आत थांबवून. मग उताणं झोपून कंबर उचलण्याचा पूल, मग हात-गुडघ्यांवर उभं राहून एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं. टाच उचलण्याचा व्यायाम ओट्याला धरून, स्वयंपाक करता करता. चालणं मात्र पहिल्यापासून होतं, थोडं थोडं, दिवसातून अनेक वेळा, अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

घरातल्या सवयी बदलाव्या लागल्या. बादली उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघे वाकवून, बादली अंगाजवळ घेऊन उठायचं. शिंक येणार वाटलं की सरळ उभं राहून भिंतीला हात टेकायचा. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं काही महिने सोडलं. सर्वांत कठीण होती शाळेतली बसकी संडासची भांडी. आमच्या मुख्याध्यापक सरांनी कोपऱ्यातल्या एका संडासात खुर्चीचा कमोड बसवून घेतला, आणि तो आता दोन वयस्कर सहकारी आणि पाय मोडलेला एक विद्यार्थीही वापरून झाला आहे. सरांनी माझे तास सलग न ठेवता मधे मोकळे ठेवले. पुढे वाकून बसून वह्या तपासणं उभ्यापेक्षा वाईट होतं, म्हणून मी उंच स्टुलावर डेस्क ठेवून उभ्याने वह्या तपासायला लागले. वैद्यकीय रजा थोडीच घेतली. शाळेत असले की कळीकडे लक्ष कमी जायचं, हे मी अनेकदा तपासून पाहिलं.

फेब्रुवारीच्या सुमारास कळ मांडीच्या वर आली आणि तिथून हळूहळू विरली. दहावीच्या परीक्षेला मी पर्यवेक्षण केलं. टाच पूर्ण उचलायला त्यानंतरही बरेच महिने लागले. नस भरून येते ती फार सावकाश. टाचेचा झटका परत आलेला नाही, सर्जन म्हणतात कदाचित येणारही नाही आणि त्याने काही अडत नाही. करंगळीची कड अजून थोडी मंद आहे, नवी चप्पल चावली तर तिथे उशिरा कळतं, म्हणून रात्री पाय धुताना तेवढं पाहते. दुसरा एमआरआय काढला नाही. सर्जननी विचारलं, "टाच उचलतेय, कळ गेली, मग फिल्म कुणासाठी काढायची?"

हे सगळं सांगताना माझ्या मामांबद्दल लिहिलं नाही तर अर्धंच होईल. सत्तरी ओलांडलेले, साताऱ्याला राहतात. त्यांच्याही दोन्ही पायांत कुल्ल्यापासून खाली कळ. माझं बरं झालेलं ऐकून त्यांनी मामींकडून माझे व्यायाम लिहून घेतले आणि पालथं झोपून छाती उचलायला लागले. दुखणं वाढलं. फोन आला तेव्हा मी विचारलं, "मामा, चालताना किती वेळाने दुखतं? थांबल्यावर काय करता?" म्हणाले, "थोडं चाललं की पाय भरून येतात. पारावर बसून पुढे वाकलं की बरं वाटतं. बाजारात हातगाडीला टेकून चाललो तर लांबवर जातो." मी व्यायाम त्याच क्षणी बंद करायला सांगितलं आणि गाडी काढून त्यांना तपासायला नेलं. त्यांच्यात गादी फुटलेली नव्हती. वयानुसार हाडं आणि अस्थिबंध जाड होऊन कण्यातली नसांची जागाच अरुंद झाली होती. मागे वाकलं की ती जागा आणखी कमी होते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते, म्हणजे माझ्या बरोबर उलट. त्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले, स्थिर सायकल दिली. वर्षभरात चालणं अगदी घरापुरतं उरलं तेव्हा त्यांनी ऑपरेशन करून नसांची जागा मोकळी करून घेतली. या आषाढात ते वारीच्या पालखीबरोबर लोणंदपासून तरडगावपर्यंत चालले. मामी सोबत पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन होत्या, खुर्ची एकदाच उघडली.